३,८६,००० डस्ट, एक म्युटू आणि न थांबणारा अंगठा

रिकामी_पिशवी

पोकेमॉन गो खेळणाऱ्यांना एक हिशेबाचा प्रश्न आहे. जरा लांबलाय, पण आकडे दिल्याशिवाय कुणी नेमकं सांगू शकणार नाही, म्हणून सगळंच मांडते.

माझी ट्रेनर लेव्हल ३८. खात्यात स्टारडस्ट (पोकेमॉनला पॉवर अप करायला कँडीबरोबर लागणारं चलन) ३,८६,०००. रोज अर्धा-पाऊण तास खेळून, मुद्दाम हात आखडता घेऊन चार महिन्यांत साठवली आहे. याआधी दोनदा अशीच साठवली होती आणि दोन्ही वेळा एका बैठकीत उडवली. कशावर ते विचारू नका. (एक स्नॉरलॅक्स होता. आता तो कुठल्याच टीममध्ये नाही.)

या वेळी रेडसाठी (अनेकांनी मिळून एका मोठ्या बॉस पोकेमॉनला पाडायची लढाई) बरी टीम उभी करायची आहे. हाताशी आहेत ते असे: म्युटू, रेडमधून पकडलेला, लेव्हल २०, आयव्ही (हल्ला, बचाव, दम यांचे जन्मजात गुण, प्रत्येकी १५ पैकी) १५-१४-१५, कँडी १४३. मेटाग्रॉस, लेव्हल ३१, मीटिअर मॅश या जोरदार मूव्हवाला, पण आयव्ही १३-१५-११. बेल्डमच्या (मेटाग्रॉसचं मूळ रूप) कँडी २१०. डायल्गा, अदलाबदलीत लकी निघाला, लेव्हल २०, कँडी ७१. आणि एक शॅडो मॅचॉप, टीम रॉकेट या खलनायक टोळीच्या ग्रंटकडून (शिपायाकडून) मिळालेला, लेव्हल ८, नुसता पडून आहे. मॅचॉपच्या कँडी २६०. बाकी दोन जागा तूर्त रिकाम्या. शिवाय ग्रेट लीगसाठी (१,५०० सीपीपर्यंतच्यांच्या लढती; सीपी म्हणजे पडद्यावर दिसणारा ताकदीचा आकडा) १,४८९ सीपीचा स्वॅम्पर्ट आहे, त्याला दुसरी चार्ज्ड मूव्ह (मोठा हल्ला) घ्यावी की नाही ते ठरत नाहीये.

माझा बेत असा होता: म्युटू थेट ४० ला, म्हणजे २,२५,००० डस्ट. मेटाग्रॉसही ४० ला, म्हणजे १,४०,०००. झाली बेरीज ३,६५,०००. उरले २१,००० आणि पुन्हा चार महिने उपास.

काल रात्री झोपताना म्युटू उघडला. पॉवर अप दाबल्यावर खिडकी येते ना, त्यात अधिकच्या चिन्हावर टिचक्या मारत गेले. प्रत्येक टिचकीला वर सीपी चढतोय, खाली डस्ट फुगतेय. लेव्हल ३५ ला आकडा आला १,३७,००० डस्ट आणि १३० कँडी. त्यापुढे जेमतेम एक टिचकी, मग कँडी संपतात. अंगठा खालच्या मोठ्या बटणावर होता. मग स्नॉरलॅक्स आठवला आणि फोन पालथा ठेवला.

तर सांगा. एकाला शेंड्यापर्यंत न्यावं की सगळ्यांना थोडंथोडं? मेटाग्रॉसचे आयव्ही बघून त्याच्यावर खर्च करू की चांगला मिळेपर्यंत थांबू? आणि खर्चाचं गणित तुम्ही आधी मांडता कसं? मी दरवेळी पुढच्या एकाच टिचकीचा आकडा बघते आणि तो छोटा वाटतो.

पेन्सिलवाला

फोन पालथा ठेवलात तिथेच अर्धी लढाई जिंकलात.

मी २०१६ पासून खेळतोय. तेव्हा एकेक अर्धी लेव्हल वेगवेगळी दाबावी लागायची, त्यामुळे निदान मधे श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आता एका फटक्यात दहा लेव्हल चढवता येतात. सोय म्हणून दिलेली गोष्ट आहे आणि माझ्यासारख्याला तीच नडते. म्हणून मी वही ठेवतो. जुन्या रेघी वहीची मागची पानं, पेन्सिल, तीन रकाने: कोण, कुठून कुठे, किती. पेन्सिल यासाठी की खोडता येतं. वहीत लिहिल्यावर एक रात्र जाऊ द्यायची आणि सकाळीही तेच वाटलं तर दाबायचं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

आता मुद्द्याचं. दोन चलनं आहेत आणि त्यांचा स्वभाव वेगळा आहे. कँडी ज्याची त्याची. म्युटूच्या कँडी म्युटूवरच जाणार, त्या साठवून मेटाग्रॉसचं काही भलं होत नाही. डस्ट मात्र सामाईक आहे. म्युटूवर घातलेली प्रत्येक डस्ट ही डायल्गाच्या, मॅचॉपच्या आणि अजून न पकडलेल्या पाचव्या-सहाव्याच्या तोंडातून काढलेली असते. म्हणून कँडीचा प्रश्न असतो ‘पुरतात का’ आणि डस्टचा प्रश्न असतो ‘इथेच का’. तुमच्या बेतात पहिलाच प्रश्न नापास आहे. म्युटूला २० वरून ४० ला २४८ कँडी लागतात, तुमच्याकडे १४३. उरलेल्या १०५ बडी म्हणून सोबत चालवून मिळवायच्या म्हटल्या तर म्युटूला दर कँडीला २० किलोमीटर लागतात. २,१०० किलोमीटर. चपला आधी घ्या.

डस्टचं आता. पहिल्यापासून ४० पर्यंत न्यायला एकूण २,७०,००० डस्ट आणि ३०४ कँडी लागतात. पण हा खर्च सारखा पसरलेला नाही. सुरुवातीला दर अर्ध्या लेव्हलला २०० डस्ट आणि एक कँडी, लेव्हल २० पाशी २,५०० आणि दोन, ३० पाशी ५,००० आणि चार, आणि ३९ ला १०,००० आणि पंधरा. तुमच्या म्युटूसाठी २० ते ३० हा टप्पा ७५,००० डस्ट आणि ६६ कँडीचा. पुढचा ३० ते ४० हा दीड लाख डस्ट आणि १८२ कँडीचा. अंतर दोन्हीकडे दहाच लेव्हल.

बरं, दुप्पट पैसे मोजून दुप्पट मिळतं का? इथे बहुतेकांची फसगत होते, माझी तर कित्येक वर्षं होत होती. प्रत्येक लेव्हलला एक गुणक असतो आणि पोकेमॉनचा हल्ला, बचाव, दम या तिन्हीला तो लागतो. लेव्हल २० ला तो ०.५९७४ आहे, ३० ला ०.७३१७, ४० ला ०.७९०३, ५० ला ०.८४०३. म्हणजे २० वरून ३० ला जाताना हल्ला साडेबावीस टक्के वाढतो आणि ३० वरून ४० ला जाताना फक्त आठ टक्के. तिशीनंतर चढणच मंदावते. मी वहीत ‘एक टक्का कितीला पडला’ असं काढून ठेवलंय. पहिल्या टप्प्यात टक्का साधारण ३,३०० डस्टला. दुसऱ्यात १८,७०० ला. चाळीसच्या पुढे पन्नासपर्यंत २,५०,००० डस्ट आणि २९६ एक्सएल कँडी जातात, तिथे टक्का साडेएकोणचाळीस हजारांच्या घरात.

हे डोळ्यांना दिसत नाही कारण पडद्यावर सीपी दिसतो. सीपीच्या सूत्रात हा गुणक वर्गात येतो. त्यामुळे ३० ते ४० मध्ये सीपी जवळपास सतरा टक्के वाढलेला दिसतो, मार मात्र आठच टक्के वाढलेला असतो. प्रत्येक टिचकीला आकडा उड्या मारतो ते छान वाटतं खरं. बॉसला मात्र त्या उड्या लागत नाहीत.

मेटाग्रॉसचे आयव्ही. त्याचा मूळ हल्ला २५७. त्यात तुमचे १३ मिळवले की २७०, पूर्ण १५ असते तर २७२. फरक एक टक्काही नाही. आणि तो आधीच ३१ ला आहे, मीटिअर मॅशसकट. शंभर टक्केवाल्याची वाट बघत त्याला कपाटात ठेवण्यात काही अर्थ नाही, पण त्याच्यावर १,४०,००० घालण्यातही नाही. आहे तसा टीममध्ये घाला, एक डस्ट खर्च न करता.

डायल्गा लकी आहे म्हणजे डस्ट निम्मी. २० ते ३० फक्त ३७,५०० मध्ये. कँडी मात्र पूर्ण लागतात, ६६. तुमच्याकडे ७१ आहेत. हा सौदा सोडू नका.

आणि तुम्ही ज्याला ‘नुसता पडून आहे’ म्हणालात तो मॅचॉप माझ्या मते तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा माल आहे. शॅडोचा हल्ला २० टक्के जास्त असतो. खर्चही २० टक्के जास्त. तरी हे बघा: लेव्हल २५ चा गुणक ०.६६७९. त्याला १.२ ने गुणा, ०.८०१५ येतं. साध्या मॅचॅम्पला (मॅचॉपचं शेवटचं रूप) ४० ला नेला तरी ०.७९०३ च. म्हणजे पंचविशीतला शॅडो चाळिशीतल्या साध्यापेक्षा जोरात मारतो. ८ वरून २५ ला न्यायला शॅडोला ८३,५२० डस्ट. साध्याला ८ वरून ४० ला २,६३,६००. कँडी पॉवर अपला १०४ आणि इव्हॉल्व्हला २५ अधिक १००, मिळून २२९. तुमच्या २६० मध्ये बसतं. मारही २० टक्के जास्त खातो हे खरं, तो लवकर पडेल. रेडमध्ये पडला तर पुढचा येतो.

स्वॅम्पर्टला दुसरी मूव्ह जरूर घ्या. त्याला १०,००० डस्ट आणि २५ कँडीच लागतात. हाच सोस म्युटूवर करू नका, तिथे १,००,००० आणि १०० कँडी, आणि रेडमध्ये एका मूव्हवर बहुतेक भागतं. स्वॅम्पर्टला अजून एक पॉवर अप मात्र चुकूनही दाबू नका, एका टिचकीला चाळीसेक सीपी वाढतो आणि तो दीड हजाराच्या पार जाईल. खाली आणायचा रस्ता नाही. मला कसं माहीत? जुलै २०१९, मडकिपचा (स्वॅम्पर्टचं पहिलं रूप) कम्युनिटी डे. हायड्रो कॅनन ही खास मूव्ह हवी तर वेळेत इव्हॉल्व्ह करायला हवं आणि शेवटची दहा मिनिटं उरलेली. मी मार्शटॉम्प (मधलं रूप) असतानाच त्याला हौसेने ८९४ पर्यंत चढवून ठेवला होता. इव्हॉल्व्ह होताना सीपी साधारण १.७ पट होतो हे गणित घरी करायचं असतं, रस्त्यात घड्याळ बघत नाही. पडदा पांढरा झाला, स्वॅम्पर्ट आला, १,५१७. सतरा सीपीने ग्रेट लीग गेली. अजून आहे तो माझ्याकडे, काढून टाकवत नाही.

माझी यादी: म्युटू ३० पर्यंत ७५,०००. डायल्गा ३० पर्यंत ३७,५००. मॅचॉप २५ पर्यंत ८३,५२०. स्वॅम्पर्टची मूव्ह १०,०००. एकूण २,०६,०२०. शिल्लक १,७९,९८०, आणि टीममध्ये दोघांच्या जागी चौघं कामाचे.

झाडावरचा_ईव्ही

काका, एक राहिलं. त्या मॅचॉपवर अजून फ्रस्ट्रेशन ही कुचकामी मूव्ह असणार! ती साध्या चार्ज्ड टीएमने (मूव्ह बदलायची वस्तू) जात नाही, रॉकेटचा खास इव्हेंट असतो तेव्हाच जाते. ताई, आत्ताच डस्ट ओतून बसलात तर पंचविशीतला मॅचॅम्प तयार आणि हातात काठी बोथट. आधी फ्रस्ट्रेशन घालवा, मगच.

आणि दुसरं, शॅडोला प्युरिफाय केलं (शॅडोपणा काढून टाकला) की तो आपोआप लेव्हल २५ होतो, वर आयव्ही प्रत्येकी दोनने वाढतात. ८३ हजार वाचले की नाही? मी माझे निम्मे शॅडो असेच केले.

पेन्सिलवाला

फ्रस्ट्रेशनचं शंभर टक्के बरोबर, माझ्या डोक्यातून निसटलं. धन्यवाद. वहीत मॅचॉपच्या ओळीपुढे चौकोन काढून ठेवा, इव्हेंट आला की खूण.

प्युरिफायचं मात्र करू नका. लेव्हल २५ मिळते, पण ज्याच्यासाठी त्याला जपायचं तो २० टक्के हल्लाच जातो. मग त्याला ४० ला नेऊन बरोबरी करू म्हटलं तर प्युरिफाइडला दहा टक्के सूट धरूनही २५ ते ४० ला १,७४,६०० डस्ट लागते, आणि तेवढं करून तो ०.७९०३ वर येतो. शॅडो राहिला असता तर ८३,५२० मध्येच ०.८०१५ वर असता. तू निम्मे केलेस म्हणतोस त्यात मॅचॉप किती होते ते सांगू नकोस, मला झोप लागायची नाही.

झाडावरचा_ईव्ही

तीन.

वीस_सेकंद_बाकी

पेन्सिलवाल्यांचं गणित नेहमीसारखं चोख आहे, पण ते मोठ्या गटाचं गणित आहे. दहा जण रेडला असतील तर कुणी लेव्हल ३० वर थांबलं काय नि ४० ला गेलं काय, बॉस पडतोच. आम्ही तिघंच असतो, कधी दोघं. लेजेंडरीला पाच मिनिटं मिळतात, आणि माझ्या नावावरून कळलंच असेल की ती कुठे संपतात.

आठ टक्के म्हणताना तुम्ही फक्त हल्ला धरलात. बचाव आणि दमही आठ-आठ टक्क्यांनी वाढतात. तिन्हीचा गुणाकार केला तर पोकेमॉन पडेपर्यंत एकूण जो मार देतो तो सव्वीस टक्के वाढतो. सहाच्या सहा पडून बाहेर फेकले गेल्यावर पुन्हा टीम निवडून आत शिरण्यात जी सेकंदं जातात ती कुठल्याच तक्त्यात नसतात. परवा आम्ही दोघांनी एक बॉस पट्टी पुरती लाल झालेली असताना सोडला. माझा म्युटू ४० ला आहे म्हणून निदान लाल तरी झाली.

शिवाय फास्ट मूव्हचा मार पूर्ण आकड्यात मोजतात, दशांश गाळतात. त्यामुळे कधीकधी एका अर्ध्या लेव्हलला प्रत्येक फटका सरळ एकाने वाढतो. ती पायरी नेमकी कुठे आहे हे बॉसवर अवलंबून असतं. सरसकट ‘३० ला थांबा’ म्हणणं मला पटत नाही.

पेन्सिलवाला

सव्वीस टक्के मान्य. छोट्या गटात दम मोजलाच पाहिजे, मी तो सोडला ही माझी चूक. पण तुमचंच माप २० ते ३० ला लावा. तिथे तिन्हीचा गुणाकार ८४ टक्के वाढ देतो, तेही निम्म्या डस्टमध्ये. म्हणजे तुमच्या मापानेही टक्का आधी ८९० च्या आसपास पडतो आणि नंतर ५,७०० च्या वर जातो. चाळिशीला जाऊच नका असं मी म्हणत नाही. सहाही जण तिशीला पोचल्यावर जा एवढंच म्हणतो. ताईंच्या दोन जागा तर अजून रिकाम्या आहेत. लाल पट्टी म्युटू ४० ला असताना राहिली म्हणता, तर टीमचा सहावा कोण होता?

वीस_सेकंद_बाकी

लेव्हल २२ चा ब्लिसी.

बरं, हरलो. पण पायऱ्यांचा मुद्दा मी सोडलेला नाही.

अजून एक, हे फुकट आहे म्हणून सांगतो. बेस्ट फ्रेंड झालेल्याबरोबर रेड खेळलात तर हल्ल्यात दहा टक्के वाढ मिळते. दीड लाख डस्टने मिळतात त्या आठांपेक्षा दोन जास्त. रोज एकमेकांना गिफ्ट पाठवा, उघडा, बास. आम्ही तिघं दोन वर्षं खेळतोय आणि त्यातला एक गिफ्ट उघडतच नाही. त्याच्यावर वेगळा धागा काढेन. हवामानाने ज्या प्रकाराला जोर मिळतो त्याच्या मूव्ह २० टक्के जास्त लागतात, तेही बघून जा. आणि प्रकार जुळणं सगळ्यात आधी. योग्य प्रकाराची मूव्ह १.६ पट लागते. त्यापुढे लेव्हलची चर्चा म्हणजे आधी कळस मग पाया.

रिकामी_पिशवी

सगळ्यांचे आभार. इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

वही नव्हती, एका पाकिटाच्या मागे लिहिलं. रात्र जाऊ दिली. सकाळी तेच वाटत होतं. मी बहुतेक वेळा सात-आठ जणांच्या गटात खेळते, त्यामुळे म्युटू ३० लाच थांबवला. अधिकवर टिचक्या मारत गेले तेव्हा ३० वरून पुढे एक टिचकी जास्त पडलीच होती, ती वजा करून मग दाबलं. डस्ट ३,११,०००, कँडी ७७ शिल्लक.

डायल्गा ३० ला. खरंच ३७,५०० च गेले. त्याच्या आता पाच कँडी उरल्यात, म्हणजे मला हवं असलं तरी एका टिचकीच्या पुढे त्याचं काही होत नाही. हे एका अर्थी बरंच आहे. स्वॅम्पर्टला दुसरी मूव्ह घेतली, अर्थक्वेक. डस्ट २,६३,५००.

मॅचॉपला हात लावला नाही. त्याचे ८३,५२० मनात बाजूला काढलेत, पण मनात काढलेल्या डस्टचा मला अनुभव चांगला नाही. काही युक्ती आहे का? गेममध्ये डस्ट कुलूप लावून ठेवता येत नाही.

आणि पेन्सिलवाल्यांना एक विचारायचं होतं. साठवायला किती लागेल याचा अंदाज तुम्ही कसा बांधता? मला लाखाचा आकडा डोळ्यासमोर येतच नाही.

पेन्सिलवाला

पकडण्यांत मोजा. साधा, न वाढलेला पोकेमॉन पकडला की १०० डस्ट. मधल्या टप्प्यातला ३००, शेवटच्या टप्प्यातला ५००. हवामानाचा जोर असलेला पकडला तर पाव हिस्सा जास्त, म्हणजे १०० चे १२५. स्टार पीस लावला की अर्धा तास दीडपट. ही बेरीज मी नेहमी सगळ्यात कमी धरून करतो, म्हणजे शंभरानेच. तुमचा पहिला बेत, म्युटू २० ते ४०, हा या हिशेबाने २,२५० पोकेमॉनचा होता. त्यातले १,५०० फक्त शेवटच्या दहा लेव्हलसाठी. एवढ्या वेळा बॉल फिरवून टाकायचा, त्यातले काही निसटणार, आणि मिळणार काय तर आठ टक्के. मॅचॉप याच मापात ८३५ पकडण्यांचा. हे डोळ्यासमोर येतं की नाही?

या मापाचा अजून एक फायदा. समोर ३०० वाला दिसला की मी थांबतो. पूर्वी ‘हा आहे आपल्याकडे’ म्हणून पुढे जायचो.

कुलुपाचं म्हणाल तर मी नावं बदलतो. पोकेमॉनचं नाव आपल्याला हवं ते ठेवता येतं. माझ्या शॅडोंच्या नावात मी थांबायची लेव्हल लिहून ठेवली आहे, ‘२५ बास’ वगैरे. पॉवर अपच्या आधी नजर तिथे जातेच.

झाडावरचा_ईव्ही

माझ्या तीन मॅचॉपांची नावं काय ठेवू?

पेन्सिलवाला

ठेवू नकोस. शॅडो मॅचॉप पुन्हा मिळतात. ग्रंटच्या वाक्यावरून तो कुठला प्रकार वापरणार ते कळतं, फायटिंगवाला दिसला की सोडू नकोस.

रिकामी_पिशवी

८३५ पकडण्या. हे मात्र डोक्यात बसलं. काल मोजून पाहिलं, पाऊण तासात ४६ पकडले. त्यात तीन मधल्या टप्प्यातले होते, एरवी मी ते टाळलेच असते.

मॅचॉपचं नाव ‘थांब’ ठेवलंय. मेटाग्रॉसचंही ठेवणार होते, पण तो आधीच थांबलाय.

स्नॉरलॅक्सचं नाव काय ठेवलं ते सांगणार नाही.